संकटातील माणूस एकटा पडू नये



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पन्नास वर्षांच्या कार्याचे सिंहावलोकन होते, दात्यांचे व दिवंगत कार्यकर्त्यांचे कृतज्ञ स्मरण होते. ते उचितच आहे. परंतु ज्या संस्थेने अर्धशतकभर समाजाच्या सुखदुःखात वाटा उचलला, तिने या निमित्ताने एका अबोल दुःखाकडेही वळून पाहणे अगत्याचे आहे. ते दुःख म्हणजे आत्महत्या, आणि अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाचे एकाकीपण. शुभप्रसंगी हा शब्द उच्चारू नये, असे काहींना वाटेल. तो संकोच समजण्याजोगा आहे. मात्र या संकोचानेच अनेक घरांत संकटातला माणूस एकटा पडतो, हेही तितकेच खरे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, एकट्या महाराष्ट्रातील होत्या. दर दहा मृतांमागे सुमारे सात पुरुष होते. नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के असे प्रमाण होते. पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिले जाते. प्रत्यक्षात मात्र माणूस एकाच कारणाने त्या टोकाला क्वचितच पोहोचतो. कर्ज, आजार, अपमान, व्यसन, निद्रानाश, उपचार न झालेले नैराश्य अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतत जातात. म्हणूनच 'अमक्यामुळे त्याने जीव दिला' हे चौकातले वाक्य बहुधा अपुरे आणि कित्येकदा अन्यायकारक असते.

विदर्भाला हा विषय परका नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांच्या संपूर्ण कुटुंबाचा अंत झाला. ती घटना महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासाचा आरंभ मानली जाते, आणि गेली काही वर्षे त्या तारखेला राज्यातील अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करून सहवेदना व्यक्त करतात. साहेबराव हे गावचे सरपंचपद भूषविलेले, संगीताची आवड असलेले, चार लोकांत मान असलेले गृहस्थ होते. हा तपशील विचार करायला लावणारा आहे. समाजात मान असणे आणि मनातले दुःख सांगता येईल असे माणूस जवळ असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच, असे आपण गृहीत धरतो.

गांधीबाग आणि इतवारीच्या पेढ्यांवर बसणाऱ्यांना शेतीचे आणि बाजाराचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कापसाचा पैसा गावात आला तर कापडाला उठाव येतो; पीक बुडाले तर खेड्यातील दुकानदाराची उधारी बुडते आणि त्याच्यामागून शहरातील घाऊक व्यापाऱ्याची. तरीही आत्महत्येचा विषय निघाला की तो शेतकऱ्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून व्यापारी वर्ग तो बाजूला सारतो. २०२० सालचे आकडे याबाबत डोळे उघडणारे आहेत. टाळेबंदीच्या त्या वर्षी देशात शेती क्षेत्रातील १०,६७७ व्यक्तींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्याच वर्षी व्यापार-उद्योग करणाऱ्यांची संख्या होती ११,७१६. आदल्या वर्षी हीच संख्या ९,०५२ होती. शेतकऱ्याच्या मृत्यूवर निदान विधिमंडळात प्रश्न तरी विचारला जातो. व्यापाऱ्याच्या मृत्यूवर मात्र त्याच्या घरचे लोकच 'हृदयविकाराचा झटका आला' असे सांगून पडदा टाकतात.

असे का व्हावे? व्यापाऱ्याचे सारे भांडवल त्याच्या पतीत असते, अशी आपल्याकडील शिकवण आहे. शब्दावर माल मिळतो, शब्दावर मुदत मिळते. त्यामुळे धंदा अडचणीत आला की तो सर्वांत आधी ही अडचण लपवितो. जुन्या देण्यासाठी नवे कर्ज काढतो, चढ्या व्याजाने काढतो, घरातले दागिने कुणाला न सांगता गहाण ठेवतो. पत्नीला कळू देत नाही, भावाला कळू देत नाही, मुनीमजीला मात्र अर्धे कळलेले असते आणि तो धन्याच्या अब्रूसाठी गप्प असतो. बाहेर लग्नसमारंभात आहेर पूर्वीसारखाच दिला जातो. अशा रीतीने ज्या माणसाला आधाराची सर्वाधिक गरज आहे, तोच सर्वांत कुशलतेने आपली गरज झाकून ठेवतो. पत राखण्याच्या धडपडीत प्राण पणाला लागतो आणि शेजारच्या पेढीवरील माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

येथे समाजाने एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे : बुडालेला धंदा ही जगबुडी नव्हे. कायद्यानेसुद्धा तसे मानलेले नाही. प्रामाणिक ऋणकोला देणे अशक्य झाल्यास न्यायालयाकडे नादारीचा अर्ज करण्याचा मार्ग १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमापासून उपलब्ध आहे. कंपन्यांसाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. बँका व वित्तसंस्थांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, त्याला वा त्याच्या कुटुंबीयांना धमकावू नये, त्याची जाहीर मानहानी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांच्या जाचाने हैराण झालेल्या तरुणांना ही माहिती असली पाहिजे. वकील, सनदी लेखापाल आणि दोन जाणते व्यापारी यांच्यासमवेत तासभर बसल्यावर जे देणे रात्री डोंगराएवढे वाटत होते त्याचे हप्ते पडू शकतात. पण त्यासाठी ते कुणापुढे तरी उघडे करावे लागते.

मग संकटातल्या माणसाजवळ पोहोचायचे कसे, आणि पोहोचावे कोणी? हे काम केवळ मोठ्या डॉक्टरांचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. त्याला उत्तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दिले आहे. तेथील तीस खेड्यांत गोव्यातील 'संगाथ' ही संस्था आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविला. त्यात गावातीलच सामान्य शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी घरोघरी जावे, मनाच्या आजाराविषयी साध्या भाषेत बोलावे, खचलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचवावे, अशी ती पद्धत होती. आरंभी पाहणी केली तेव्हा नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुणाची मदत घेतली होती. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या जगन्मान्य नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. राज्य शासनानेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आरंभिला आणि आशा सेविकांना हेच काम सोपविले.

ज्या प्रदेशाचे नाव देशभर आत्महत्यांशी जोडले गेले, त्याच वऱ्हाडातील खेड्यांनी दाखवून दिले की शेजारी शिकून तयार झाला तर माणूस मदतीपर्यंत पोहोचतो. बाहेर हीच गोष्ट अनेक ठिकाणी अनुभवास आली आहे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी दूरध्वनीवरून दुःखितांचे ऐकून घेण्याची सेवा सुरू केली, तीच पुढे 'समॅरिटन्स' या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या देशात चेन्नई येथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. या दोन्ही ठिकाणी फोन उचलणारे बहुतेक लोक प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. ते उपदेश करीत नाहीत, दोष देत नाहीत, ऐकतात.

ऐकणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे कुणी खचलेला दिसला की आपण तत्काळ उपदेश सुरू करतो. 'इतके काय झाले? लोकांचे यापेक्षा मोठे नुकसान होते', 'बायको-मुलांचा तरी विचार कर', 'मन घट्ट कर' अशी वाक्ये चांगल्या हेतूने बोलली जातात. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की याला आपले दुःख समजलेले नाही. तो पुन्हा मिटतो. त्याऐवजी जवळ बसावे, चहा मागवावा, दुकानातील इतरांना दूर पाठवावे आणि शांतपणे विचारावे : 'भाऊ, गेले काही दिवस तुम्ही तुमच्यासारखे दिसत नाही. काय चालले आहे, सांगा. मला घाई नाही.' आणि शंका बळावली तर थेट विचारावे : 'जगणे नकोसे वाटते का? स्वतःचे काही बरेवाईट करावे असा विचार येतो का?' असे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तो गैरसमज असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. उलट, जो प्रश्न तो कुणालाच सांगू शकत नव्हता तो दुसऱ्याने विचारला, म्हणून कित्येकांना मोकळे वाटते.

काही खुणा ओळखता येतात. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, वेळेवर दुकान उघडणारा माणूस उशिरा येऊ लागणे, फोन न उचलणे, 'मी नसलो तर सगळ्यांचे बरे होईल' अशी भाषा येणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे, एकाएकी सर्वांची निरोप घेतल्यासारखी क्षमा मागणे, देण्याघेण्याचे कागद घाईने एका जागी लावून ठेवणे, फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत दिसू लागणे. यांतील एकट्यादुकट्या गोष्टीचा अर्थ काहीच नसेलही. पण दोन-चार एकत्र दिसल्या तर विचारण्यास विलंब करू नये. विद्यार्थ्यांच्या बाबतीत निकालाचे दिवस विशेष जपण्याचे. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. गुणवंतांच्या सत्काराचा कार्यक्रम आपण दरवर्षी करतो. ज्याला त्या व्यासपीठावर बोलावणे आले नाही, त्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात मामाने, काकाने किंवा आत्याने सहज जाऊन बसावे, हेही तितकेच मोलाचे कार्य आहे.

'होय, असे विचार येतात' असे उत्तर मिळाल्यास त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. घातक ठरेल अशी कोणतीही वस्तू, औषधांचा साठा, शेतातली रसायने तिच्या हाताला लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी. 'ज्याला मरायचे आहे तो काहीही करून मरतो' हे विधान चुकीचे आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ पासूनच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. तीव्र निराशेची लाट येते आणि ओसरते. त्या लाटेत साधन हाताशी नसले आणि माणूस जवळ असला तर जीव वाचतो. त्यानंतर डॉक्टरांकडे सोबत जावे. केवळ पत्ता देऊन थांबू नये, गाडीत बसवून न्यावे, नंबर लागेपर्यंत बाहेर बसावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारपूस करावी.

नागपुरात उपचारांची उणीव नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून या शहरात आहे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मिहान परिसरात एम्स आहे. खासगी तज्ज्ञही आहेत. उणीव आहे ती पाऊल उचलण्याची. मनोरुग्णालयाला आपल्या शहरात ज्या नावाने संबोधले जाते ते नावच अनेकांना दारातून परत पाठविते. रक्तदाबाची गोळी घेण्यात कमीपणा नाही, तसाच नैराश्याची गोळी घेण्यातही नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध करावा, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात म्हटले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. स्वतःसाठी फोन करता येतो, तसाच दुसऱ्याच्या काळजीपोटीही करता येतो. जीव धोक्यात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहेच.

प्रयत्न झाला आणि माणूस वाचला, तर पुढचा काळ फार नाजूक असतो. अशा वेळी घरचे लोक पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास कचरतात, यात मौल्यवान वेळ जातो. वरील २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तिने गुन्हा ठेवला आहे. म्हणून कुणीही न घाबरता रुग्णालय गाठावे.

आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतर? जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई व कोलंबोसह पाच ठिकाणी अशा १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी सुरुवातीला तासभर सविस्तर बोलणे झाले आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन करून किंवा भेट घेऊन 'कसे आहात?' अशी विचारपूस करण्यात आली. पहिल्या गटात २.२ टक्के व्यक्तींनी नंतर आत्महत्या केली. दुसऱ्या गटात ०.२ टक्के. कोणतेही महागडे औषध यात नव्हते. कुणीतरी आठवणीने विचारत राहिले, एवढेच होते.

आता मागे राहिलेल्यांविषयी. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देण्याची शासनाची योजना आहे. त्यासाठी चौकशी होते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते. सरकारी कागदाला ते ठरवावे लागत असेल. पण सांत्वनाला येणारा माणूसही बहुधा हेच काम करीत बसतो. 'घरात काही भांडण झाले होते का?', 'तुम्हाला आधी कसे कळले नाही?', 'चिठ्ठीत काय लिहिले होते?' ज्या पत्नीने, ज्या आईने हेच प्रश्न स्वतःला हजार वेळा विचारलेले असतात, तिच्यापुढे ते पुन्हा ठेवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. काही घरांत तर सुनेला पांढऱ्या पायाची ठरविले जाते, मुलींच्या सोयरिकीत खोडा घातला जातो. अन्य मृत्यूनंतर जे विधी, जी गर्दी, जी शोकसभा होते ती येथे टाळली जाते. म्हणजे कुटुंबाला दुहेरी शिक्षा : माणूस गेला आणि समाजही गेला.

याच्या उलट काय घडू शकते, तेही विदर्भातच दिसले आहे. वर्ध्याचे दिग्दर्शक हरीश इथापे यांनी श्याम पेठकर यांचे 'तेरवं' हे नाटक आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या विधवा भगिनींना घेऊन रंगभूमीवर आणले. ज्या स्त्रियांना उंबरठ्याबाहेर येणे अवघड झाले होते, त्या शेकडो प्रेक्षकांसमोर आपली कहाणी सांगू लागल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. शोकग्रस्त स्त्रीला अपशकुनी मानून मागे बसविण्याची रीत जेथे अजून पुरती गेलेली नाही, तेथे तिने दीपप्रज्वलनाच्या जागी उभे राहणे ही साधी घटना नव्हती. आपल्या समाजातील शुभकार्यांत अशा भगिनींचे स्थान कोठे असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

अशा घरी जाताना फार बोलण्याची गरज नसते. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्या चांगल्या आठवणी सांगाव्यात. तेराव्यानंतर गर्दी ओसरते, खरी गरज तेव्हा असते. विम्याचा दावा, बँकेतील खाते, जीएसटीची विवरणपत्रे, मुलांची फी, दुकान चालू ठेवायचे की नाही, असे अनेक प्रश्न त्या स्त्रीपुढे एकदम उभे राहतात. समाजातील दोन जाणत्या गृहस्थांनी आणि दोन भगिनींनी वर्षभर त्या घराशी बांधून घ्यावे. पहिली दिवाळी, पहिले पर्युषण, वर्षश्राद्धाची तिथी या दिवसांत आठवणीने जावे. मुलांना खोटे सांगू नये. त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सत्य सांगावे आणि यात त्यांचा काहीही दोष नाही हे पुनःपुन्हा सांगावे.

या साऱ्यासाठी आपल्याला परकीय शब्द उसने आणावे लागत नाहीत. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन, स्थितिकरण आणि वात्सल्य ही तीन अंगे पाठशाळेतील मुलेही म्हणून दाखवितात. दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर न मांडणे हे उपगूहन. डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे हे स्थितिकरण. आणि गाईने वासरावर करावी तशी निर्हेतुक माया हे वात्सल्य. ऐकलेले पोटात ठेवावे, पडणाऱ्याला सावरावे, माया पातळ होऊ देऊ नये, हेच आज मनोविकारतज्ज्ञही सांगत आहेत.

एका गैरसमजाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले आणि त्याच ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली, हे सर्वांना स्मरत असेल. तो स्वतंत्र विषय आहे. परंतु आपल्या आचार्यांनीच या दोहोंतील भेद फार पूर्वी स्पष्ट केला आहे. क्रोध, भय, शोक अशा कषायांच्या आवेगात स्वतःच्या देहाचा घात करणे हा आत्मघातच, असा त्यांचा निर्वाळा आहे. तेव्हा कर्जाने, आजाराने वा अपमानाने खचलेल्या व्यक्तीच्या मनातील मरणाच्या विचाराला कुणीही व्रताचे नाव देऊ नये. तेथे गरज असते ती उपचाराची आणि सोबतीची.

शेवटी संस्थेपुढे काही विनम्र सूचना. पहिली, समाजातील दहा-बारा स्त्री-पुरुषांनी तज्ज्ञांकडून ऐकण्याचे आणि प्राथमिक मानसिक आधाराचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. अमरावतीच्या खेड्यांना जे जमले ते नागपुरास अवघड नाही. दुसरी, आर्थिक अडचणीतील व्यापाऱ्यासाठी अनुभवी व्यापारी, वकील व लेखापाल यांचे एक लहान पंच मंडळ असावे. तेथे झालेली चर्चा तेथेच राहील याची हमी असावी, आणि गरज पडल्यास या मंडळाने धनकोंशी बसून मुदत मिळवून द्यावी. तिसरी, ज्या घरात असा मृत्यू झाला त्या घराच्या पाठीशी वर्षभर उभे राहण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. चौथी, १४४१६ हा क्रमांक भवनाच्या सूचना फलकावर, वसतिगृहात आणि समाजाच्या दूरध्वनी सूचीच्या पहिल्या पानावर छापावा. यांपैकी एकाही गोष्टीला मोठी इमारत वा मोठा निधी लागत नाही.

आणि या सभागृहात, किंवा पुढे ही स्मरणिका चाळताना, ज्या कुणाच्या मनात आपले आता काही उरले नाही असा विचार येत असेल, त्या बंधूला वा भगिनीला कळकळीची विनंती : हा विचार आजच्या आज एका तरी माणसाला सांगावा. पत्नीला, भावाला, मित्राला, डॉक्टरांना. कुणीच सुचत नसेल तर १४४१६ वर. हिशेबाच्या वहीत नुकसान लिहून नवे पान उघडण्याची सोय असते, आणि व्यापाऱ्याने ती अनेकदा वापरलेली असते. मागणाऱ्याची मान खाली जात नाही. हात पुढे न करणाऱ्या समाजाची जाते.

पन्नास वर्षांत या समाजाने दुष्काळात, महापुरात आणि महामारीत अनोळखी लोकांसाठीही आपले हात मोकळे सोडले. तोच हात आता आपल्या शेजारच्या पेढीवर, आपल्याच घराच्या माजघरात अबोलपणे बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवला जावा, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सदिच्छा.